पाऊस मागायला आले आणि माझा हौद उपसून गेले

काल शाळेतून आले, परसात पाऊल टाकलं तर चप्पल चिखलात रुतली. आमच्या कुंभार पिंपळगावात महिना झाला पावसाचा टिपूस नाही… आणि माझ्या परसात चिखल!

हौदाकडं बघितलं आणि डोकंच फिरलं.

म्हशी विकल्यापासून घरामागचा सिमेंटचा हौद रिकामा पडला होता. चार वर्षांपूर्वी मी त्याचं तळं केलं. गप्पी मासे सोडले, कडेला पाणकणीस लावलं, मधे कुंडीत कमळ. बेडूक मात्र कुणी आणले नाहीत, ते आपले आपण आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं कोण कुणाला खातं आणि कोण कुणाच्या सावलीत राहतं हे पोरांना दाखवायला मला पुस्तक लागत नाही.

बेडकांतला एक चांगला थोराड… उजव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. रोज संध्याकाळी कमळाच्या कुंडीवर येऊन बसणार आणि सगळ्यांवर नजर ठेवणार. मी त्याला हेडमास्तर म्हणते.

तर काल… पाणी अर्ध्यावर. कुंडी आडवी, कमळाची पानं गाळात. फरशीवर पाच-सहा मासे वाळून पडलेले. हेडमास्तरांचा पत्ता नाही.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओसरीवर शांतपणे शेंगा फोडत बसलेल्या. म्हणाल्या, "गल्लीतल्या बाया आल्त्या. धोंडीसाठी गावात बेडूकच घावंना. मंग म्हणलं, आपल्याकडं हायेत की, न्या एखादा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… पाऊस लांबला की आमच्याकडं धोंडी काढतात. मुसळाला कडुलिंबाचा पाला गुंडाळायचा, मधोमध फडक्यात बेडूक बांधायचा, दोघींनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि गाणं म्हणत दारोदार फिरायचं. प्रत्येक घरानं त्या बेडकावर पाणी घालायचं.

आणि बेडूक हाती लागेना म्हणून या बायांनी बादल्यांनी माझा हौद उपसला! पाऊस मागायला निघालेल्या बाया… आणि अर्धा हौद पाणी मातीत ओतून गेल्या. गावात नळ आठ दिवसांनी येतो. भांड्या-धुण्याचं पाणी गाळून गाळून मी तो हौद भरत होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पर्स ओसरीवर फेकली आणि तशीच निघाले. मारुतीच्या पारापाशी गाठलं त्यांना.

पुढं चंद्रकलाकाकू, आमच्या गल्लीतल्याच. फडकं कोरडं ठाक. का? तर घरोघरी पाणीच नाही. लोक तांब्यात नुसती बोटं बुडवून चार थेंब शिंपडत होते, वर हळदकुंकू वाहत होते. बेडकाची कातडी ओली नसेल तर त्याला नीट श्वास घेता येत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते… आणि इथं भर उन्हात माझाच बेडूक पिवळा-लाल होऊन लटकत होता.

मी बोलले. खूप बोलले. अडाणी म्हणाले, निर्दयी म्हणाले. "असल्या बायांना कशाला पाऊस पडेल!" असंही म्हणाले. हे मी बोलायला नको होतं… पण बोलले.

चंद्रकलाकाकू फक्त एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमचा पगार येतो. आमचं सोयाबीन माना टाकून राह्यलंय."

पण माझा राग उतरला नाही, उलट वाढला. सोयाबीन वाळतंय म्हणून बेडूक वाळवायचा? हा कुठला न्याय? मी मुसळाला हात घातला, त्यांनी ते मागं ओढलं. बाया कालवा करायला लागल्या… धोंडी मधेच मोडली तर पाऊस रुसतो म्हणे.

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. गुडघेदुखीनं दारापर्यंत जात नाहीत, त्या कमरेवर भरलेली कळशी घेऊन पारापर्यंत आल्या. आमच्या पिण्याच्या पाण्याची कळशी.

त्यांनी ती अख्खी त्या फडक्यावर ओतली. मुसळ भिजलं, बाया भिजल्या, मीही भिजले. मग म्हणाल्या, "आमच्या येळेला धोंडीला असं पाणी घालायचे. बोटं बुडवून न्हाई. झाली तुमची धोंडी. सोडा त्याला."

काकूंनी स्वतः गाठ सोडली.

कळशीच्या तळाशी ओंजळभर पाणी राहिलं होतं, त्यातूनच हेडमास्तरांना घरी आणलं. गाळात सोडलं तर नुसते पडून राहिले… रात्रीपर्यंत हालचाल नाही. आत्याबाईंशी मी बोलले नाही. पाणी ओतलं खरं, पण न्यायला परवानगी कुणी दिली होती?

सकाळी बघते तर हेडमास्तर आडव्या कुंडीवर बसलेले. डोळ्याच्या कडेला अजून कुंकू. मला चक्क रडू आलं.

कुंडी सरळ करत होते तर मागचं दार वाजलं. चंद्रकलाकाकू. डोक्यावर घागर. चार वर्षांपूर्वी गावतळं आटलं तेव्हा या कमळाचा कंद मला त्यांनीच आणून दिला होता… काल ओरडताना हे मला आठवलंच नाही.

त्यांनी घागर हळूच हौदात रिकामी केली. मासे घाबरून पाणकणसात शिरले.

"धोंडीला घालायचं राह्यलं होतं आमच्या घरचं," म्हणाल्या आणि निघाल्या.

माझा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. मेलेले मासे मीच उचललेत. पण त्यांच्याकडंही नळ आठ दिवसांनीच येतो… आणि मी त्यांना पारावर, सगळ्यांसमोर, काय काय बोलले होते. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन यायचंय.