धडधाकट माणसाची दुखणी

सेवेरिन द्रोझ्दला दोनच गोष्टी बऱ्या जमायच्या, समीकरणं सोडवणं आणि ओशाळणं. दुसरीत तर त्याचा हात धरणारा अख्ख्या वॉर्सात कुणी नव्हता, असं तो स्वतःच म्हणे.

एकोणीसशे वीसच्या उन्हाळ्यात रशियाची लाल फौज शहरावर चालून येत होती. गावातला जो तो तरुण भरतीच्या रांगेत उभा. कॉलेजातली पोरं गेली, ट्रामवरचे कंडक्टर गेले, सेवेरिनच्या गल्लीतला पाव भाजणाराही गेला. आणि हा ताडमाड उंच, गालावर लाली असलेला गृहस्थ काखेत छत्री मारून रोज सकाळी कामावर निघालेला. बायका खिडक्यांतून बघायच्या. एकीने तर, "छत्री जपा हो, गोळी लागेल तिला!" असं वरून ओरडूनही सांगितलं.

काम कुठलं, ते सांगायची सोय नव्हती. त्याच्या प्रोफेसरांनी एक दिवस त्याला लष्कराच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर नेलं आणि क्रूसावर हात ठेवायला लावून शपथ दिली. इथलं काही आईला सांगायचं नाही, होणाऱ्या बायकोला नाही, पाद्रीबाबांनाही नाही. तिथे शत्रूचे बिनतारी संदेश हवेतून टिपून आणत. नुसते आकडेच आकडे. त्यांतून शब्द काढायचे. सैन्यातले अधिकारी थकले, तेव्हा कुणाला तरी गणितवाल्यांची आठवण झाली होती.

सेवेरिन शपथ पाळणारा माणूस. पण 'तू लढायला का जात नाहीस?' याला काहीतरी उत्तर द्यायला हवंच. मग तो आजारी पडला. घरमालकिणीला त्याने सपाट पाय सांगितले. पाद्रीबाबांना छातीची धडधड. पोलाच्या आत्याला उजव्या कानाचा पडदा, आणि पोलाच्या वडिलांना, आवाज खाली करून, उतरणारं आतडं. एकच थाप दोन ठिकाणी मारली तर लोक ताडून बघतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी, हा त्याचा सिद्धांत. सिद्धांताचा त्याला अभिमानही होता.

पोला म्हणजे अपोलोनिया, सेवेरिनने मागणी घातलेली मुलगी. तिचे वडील हिएरोनिम चर्चच्या मेणबत्त्या करून विकत. लढाई जवळ आली तसा मेणबत्त्यांचा खप वाढला होता, पण म्हाताऱ्याला त्याचा आनंद नव्हता. त्याचा एकुलता मुलगा ग्रात्सियान आघाडीवर होता. पोलाचा हात सेवेरिनला द्यायचा की नाही, ते मरियामातेच्या सणाला जेवताना सांगतो, असं त्याने कळवलं होतं.

सणाच्या आदल्या आठवड्यात सेवेरिन संदेश आकड्यांत उतरवणाऱ्या एका रशियन कारकुनापुढे हात टेकून बसला होता. कारकुनाला त्याने पाहिलं नव्हतं, पाहिले होते फक्त त्याचे आकडे. जी अक्षरं भाषेत वरचेवर येतात, त्यांना त्या लोकांनी एकेकाला पाच-पाच सहा-सहा आकडे देऊन ठेवले होते. कारकुनाने मनाला येईल तो उचलायचा, म्हणजे मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सेवेरिनने गृहीत धरलं की हा मनुष्य फासे टाकून आकडा निवडत असणार. त्यावर त्याने कागदांच्या कागद भरले. गणित अतिशय सुंदर झालं. अक्षर मात्र एकही सुटलं नाही.

शेजारच्या टेबलावर ओक्ताव्हियान नावाचे भूमितीचे वयस्कर मास्तर बसायचे. त्यांनी तपकीर ओढून विचारलं, "काय म्हणतो तुमचा रशियन?"

"काय म्हणणार? फार पोचलेला माणूस आहे. तोच आकडा लागोपाठ दोनदा म्हणून येत नाही."

"कधीच नाही? फासे टाकणाऱ्याला सहावर सहा पडतातच की हो."

"याला नाही पडत. एक आकडा वापरला, की जोडीचे सगळे संपेपर्यंत तो परत..."

सेवेरिनचं तोंड उघडंच राहिलं.

"मिटा ते," मास्तर म्हणाले. "माशा आहेत."

कारकून फासे टाकतच नव्हता. पुन्हा पुन्हा तोच आकडा वापरू नकोस, असं वरिष्ठाने बजावलेलं, आणि हा गुणी बाळ पंगतीत वाढावं तसा एकेका आकड्याला ओळीने वाढत होता. पहिला, दुसरा, तिसरा, पंगत संपली की परत पहिला. म्हणजे जे आकडे एका फेऱ्यात फिरतात ते सगळे एकाच अक्षराचे! संध्याकाळपर्यंत अक्षरं सुटली, सकाळी वाक्यं. झारच्या शाळेत पोलिश बोलल्याबद्दल छड्या खात तो रशियन शिकला होता, ती छडी अशी कामी आली.

"मूर्ख लेकाचा!" सेवेरिन हसून हसून बेजार झाला. "लपवतोय असं समजून सगळं दाखवत बसला!"

सणाचा रविवार उजाडला. चर्चमध्ये बायकांनी औषधी पाल्याच्या जुड्या आशीर्वादासाठी आणल्या होत्या. प्रार्थनेच्या मध्येच लांबून तोफा ऐकू येत, तेवढ्यापुरते सगळे थांबत आणि मग पुन्हा मरियामातेला हाक मारत. सेवेरिननेही मारली. आघाडीच्या कुठल्या भागात शत्रू कमजोर आहे ते त्याने पहाटेच वाचलं होतं. ग्रात्सियान त्याच भागात होता. आणि शेजारी गुडघे टेकून बसलेल्या त्याच्या बापाला एवढंही सांगता येत नव्हतं की काका, जरा धीर धरा.

जेवायला शेपू घातलेले नवे बटाटे आणि ताक होतं. हिएरोनिमने प्रार्थना म्हटली. पोलाने वाढलं, आणि बसता बसता सेवेरिनला विचारलं, "सेवेक, तुझं आतडं कसं आहे?"

"आहे... जागेवर."

"आणि पाय? छाती? कान?" ती बोटं मोजायला लागली. "घरमालकीण, पाद्रीबाबा, आत्या, सगळे मेणबत्त्या आमच्याकडूनच नेतात रे. हे सगळं खरं असेल तर तू मागेच गेलास, आम्हीच दिवा लावायचे राहिलो."

"पोला, तसं नाही..."

"खऱ्या आजाऱ्याला दुखणं एकच असतं, आणि तो ते येईल त्याला ऐकवतो. आत्या गुडघा सोडून कधी बोलते का? तू मात्र एक दुखणं दोनदा म्हणून सांगितलं नाहीस. मोजूनमापून थापा मारतोयस. कुणासाठी? दुसरी कुणी आहे?"

सेवेरिनने उचललेला बटाटा परत ताटात ठेवला. ज्या कारकुनाला त्याने मूर्ख म्हटलं होतं, त्याची त्याने मनोमन क्षमा मागितली. तो निदान वरिष्ठाच्या हुकमाने पंगत वाढत होता. याने आपल्या अकलेने वाढली होती.

"दुसरी कुणी नाही," तो म्हणाला. "मी ठणठणीत आहे. कुठेही काही दुखत नाही."

हिएरोनिमने चमचा खाली ठेवला. "मग माझा पोरगा तिकडे आहे आणि गणितपंडित इथे बटाटे खातायत, ते का?"

"ते नाही सांगता येत. शपथ घेतलीय."

"कुणाची?"

"देवाची. क्रूसावर हात ठेवून."

"आणि मी म्हटलं, सांग, नाहीतर पोला तुझी नाही, तर?"

सेवेरिनने पोलाकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. काहीतरी भारदस्त बोलावं असं त्याला फार वाटलं, पण सुचलं नाही. तो उठला, टोपी घेतली, आणि छत्री शोधायला लागला. ती खुर्चीच्या पायात अडकली होती. ओढली तर उघडली. अशा अवस्थेत मान राखून निघून जाणं कुणालाही कठीणच.

"बस," हिएरोनिम म्हणाला. "आधी ती मीट. घरात अपशकुन."

त्याने मिटली.

"माझ्या पोरीसाठी जो देवाची शपथ मोडेल, तो उद्या लग्नात पोरीला दिलेली कशावरून पाळेल?" म्हाताऱ्याने पुन्हा चमचा उचलला. "जेव."

सेवेरिन बसला आणि त्याने ताट पुढे ओढलं. मग पोला म्हणाली, "पण बाबा, लोकांना काहीतरी सांगावंच लागेल. एकच दुखणं धरू, आणि सगळ्यांना तेच. दमा सांगूया?"

"दमा नको," हिएरोनिम म्हणाला. "लोक म्हणतील, नातवंडांना येईल."

पोलाचे कान लाल झाले. ती झटकन उठून ताक आणायला गेली, आणि ताक तर टेबलावरच होतं. शत्रूची अख्खी फौज वाचणाऱ्या सेवेरिनला मात्र काही सुटलं नाही. "नाही हो," तो कळकळीने म्हणाला, "दमा आईवडिलांकडून येतोच असं नाही." बटाटे संपले, ताक संपलं, हिएरोनिमने हात पुसले, तेव्हा कुठे त्याचा हात टोपीकडे जाता जाता थांबला.

"नातवंडं? कुणाची?"