एस्तेरमावशी आणि माझी बोरमाळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची आधीच माफी मागते. पण एस्तेरमावशीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि तिला माझ्याइतकं जवळून पाहिलेलं आता अहमदपुरात कुणी नाही.

भूकंपानंतर शेजारच्या या मावशीने दाराला आतून कधी कडी लावली नाही. झोपायची दाराजवळ, चपला उशाशी. पुढे कितीतरी महिने अधूनमधून जमीन हलायची, भांडी वाजायची. मावशी सगळ्यांच्या आधी बाहेर. अंगणात आली की मग गुडघे टेकायची. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक एकदा हसून म्हणाले, मावशी, तुम्ही मंडळीतल्या मोठ्या, तुमचा विश्वास कुठे गेला? मावशी म्हणाली, "त्यो माझ्यासंगंच पळायलाय, पाळकसाहेब. छपराखाली कशाला ठिवू त्याला?"

तिची लेक सुमन किल्लारीजवळ ज्या गावात दिली होती, तेच माझं माहेर. त्या पहाटे मी लहानग्या दाविदला घेऊन तिथेच होते. दगडमातीची भिंत त्याच्यावर आली. हातांनी माती उपसताना मी ओरडत होते, प्रभू, लेकरू दे, गळ्यातली बोरमाळ तुझ्या देवळात देते. दाविद जिवंत निघाला. दोन घरं सोडून सुमनच्या घरातलं कुणीच जिवंत निघालं नाही.

बोरमाळ सासूबाईंची होती. त्या असेपर्यंत देता आली नाही. देवाचं देणं राहिलं, ही भीती माझ्या पोटात घर करून बसली. दाविदला ताप आला की वाटायचं, वसुली आली. तो सायकलवर निघाला की परत येईपर्यंत मी दारात.

तो दहावीला चांगला पास झाला. तेव्हा जो तो पोरांना लातूरला क्लासला धाडत होता. दाविदलाही डॉक्टर व्हायचं होतं. आमचे मालक धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. फी ऐकून म्हणाले, आई तर गेली आता, बोरमाळ मोड. दुसऱ्या दिवशी ती पदरात बांधून मावशीकडे गेले. मंडळीच्या बायकांची वर्गणी तिच्याकडेच असायची. म्हटलं, ही देवळात जमा करा, नाहीतर देव माझं लेकरू नेईल.

मावशी तांदूळ निवडत होती. "देव काय सावकार हाय का गं? गहाण घिऊन लेकरू सोडतो?"

पण दाविद वाचला ना मावशी, मी म्हटलं.

तिने सूप खाली ठेवलं. "माझ्या सुमीनं बी हाक मारली आसंल. तुझं लेकरू बोरमाळीवर सुटलं, मग माझी पोर कशापायी गेली? तिच्या गळ्यात नुसते काळे मणी होते म्हणून?"

ती रडली नाही. म्हणाली, का गेली ते मला ठाऊक नाही, पाळकालाही नाही. वर गेल्यावर विचारणार आहे. "पर प्रभूनं वधस्तंभावर समदं फेडलं. त्यात तुझी बोरमाळ तेवढी कमी पडली व्हती का?"

पटलं, पण भीती गेली नाही. माळ मोडायला माझा हात धजेना आणि मावशी ती देवळात घेईना. फीची मुदत आली तेव्हा तीच नोटा घेऊन आली. सुमन गेली म्हणून सरकारकडून मिळालेले पैसे तिने आजवर काढले नव्हते. "हे देवाचं न्हाई, माझं हाय," ती म्हणाली. "हे मातर फेडायचं."

दाविद लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्या मजल्याच्या विचाराने माझी झोप उडायची. त्याचं बारावीचं वर्ष सुरू झालं आणि मावशीने अंथरूण धरलं. पैशांचा विषय ती एका शब्दानेही काढत नव्हती. पण तिच्या मेलेल्या लेकीचे पैसे अडकवून मी देवाच्या नावाने सोनं जपत होते, हे मला गिळवेना. एका सकाळी सराफाकडे गेले. माळ तराजूत पडली तेव्हा मी वर छताकडे पाहिलं. पैसे घेऊन बाहेर आले आणि आधी दाविदच्या मित्राच्या मोबाईलवर फोन लावला.

"आई, जेवायलोय ना मी. काय झालं?"

काही नाही, जेव, म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसले.

मावशीच्या दाराला तेव्हाही कडी नव्हती. आता तिला उठताही येत नव्हतं, तरी चपला उशाशी होत्या. मी नोटा तिच्या हातात दिल्या.

"भ्यालीस?"

"लई. अजून भ्याच वाटतंय."

"वाटू दे. भिऊन बी मोडलीस की."

मला वाटलं, थोडे परत करेल. तिने बोटाला थुंकी लावून सगळ्या मोजल्या, एकही परत दिली नाही. उशाखाली सारल्या, चपलांच्या शेजारी, आणि डोळे मिटून म्हणाली, "पुरं फिटलं."