लाल तोंड

बेसिनच्या जाळीत अर्धी विरघळलेली गोळी अडकली होती. थुंकीने बुळबुळीत झालेली. बोटाने उकरून काढताना किळस आली. म्हणजे आमचे हे गोळी गिळतच नव्हते. जिभेखाली धरून, माझी पाठ वळली की थुंकत होते.

माझ्या नवऱ्याचं लिव्हर जुन्या काविळीने खराब झालंय. आयुष्यात दारूचा थेंब नाही. लिव्हरपायी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला, जिना चढला की धाप लागायची. हा दाब उतरला तरच लिव्हर बदलायचा विचार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दाब उतरवायची ती ही गोळी. ती घेतली की डोकं ठणकतं, नाक चोंदतं आणि तोंड लालबुंद होतं.

"डोकं दुखतं म्हणून थुंकता?"

"डोक्याचं काय नाही गं. दादा आला की तोंड बघून विचारतो, सकाळीच टाकलीस का? लिव्हर गेलं तरी सुटंना का?"

दादा म्हणजे माझे थोरले दीर, सायखेड्याचे. त्यांच्या मुलाचा साखरपुडा तोंडावर आलेला. पाहुण्यांत बेवडा दिसायला नको, म्हणून गोळी बंद! श्वास कोंडला तरी चालेल.

साखरपुड्याच्या सकाळी ह्यांना तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, मगच आम्ही निघालो. मांडवात पोचेपर्यंत चेहरा लाल. दीर आले. गुटख्याने बरबटलेलं तोंड ह्यांच्या ओठांशी नेलं आणि सोयऱ्यांदेखत चक्क वास घेतला.

"आज बी मारली का रे? लोक बसलेत."

"दादा, नीट हुंगा," मी म्हणाले. "गोळीला वास नसतो. येतोय तो तुमच्या गुटख्याचा."

"खरंय बाई," माझी मोठी जाऊ म्हणाली. "मी तर लग्नापासून नाकाला पदर लावून झोपते."

सगळे हसले. दीर पिंक टाकायला बाहेर गेले.

पंगतीत दुपारची गोळी काढायला मी पर्स उघडली, तर ह्यांनीच हात पुढे केला. सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली. कंठ हललेला मी पाहिला. फोटोत ह्यांचं तोंड टोमॅटोसारखं आलंय.

दाब उतरला का, ते पुढच्या तपासणीत कळेल. तोवर बेसिनची जाळी मी रोज बघते.