डाव्या पायाचं माप

अल्फान्सो कोरिया माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पायांकडे बघत. फोर्टातल्या एका बुटांच्या दुकानात सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर गुडघा टेकून बसल्यावर नजर आपोआप तिथेच जात असावी. १९५२ च्या मार्चमध्ये मी चकाल्याला त्यांच्या घरामागची भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी ते म्हणाले, "उजवा पाय मोठा हाय तुझा. बूट डाव्याच्या मापानं घेतलास. अंगठा दुखत असंल."

अंगठा खरोखरच दुखत होता. मी नुकताच बी.कॉम. होऊन एका कंपनीत लागलो होतो आणि मुलाखतीच्या दिवशी सकाळी घाईघाईत ते बूट घेतले होते.

"सकाळचे बूट कोण घेतं रे? संध्याकाळी पाय भरलेला असतो, तवा घ्यायचा. दोनी पायांत घालायचा, दुकानात चार फेऱ्या मारायच्या. दुकानदार सांगतो, वापरून सैल होईल. कातडं रुंदीला सैल पडतं, लांबीला नाय. आणि कुठल्या पण माणसाचे दोन पाय सारखे नसतात, हे ध्यानात ठेव."

मी खोली घेतली आणि पुढची सात वर्षं तिथे राहिलो. त्या घरात मला नंदकुमार असं कोणी म्हटलं नाही. मी सगळ्यांचा नंदूच होतो.

अल्फान्सोकाका पन्नाशीचे, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. रविवारी देवळातून आले की कोट खुंटीला लावून ओटीवर बसायचे. समोर एक लाकडी पेटी असायची. तिच्यात दोन ब्रश, एक धूळ काढायला आणि एक चमक आणायला. जुन्या बनियनचे धुतलेले तुकडे, काळ्या आणि तपकिरी पॉलिशच्या डब्या, बूट चढवायचं शिंग. आधी नाड्या काढायच्या, मग ओल्या फडक्यानं चिखल पुसायचा, बूट सावलीत सुकू द्यायचे, मग बोटाला कापड गुंडाळून थोडं थोडं पॉलिश. उन्हात ठेवलेला बूट त्यांना दिसला की ते स्वतः उठून तो आत आणत, मग तो कोणाचाही असो. घातलेला जोड दुसऱ्या दिवशी परत घालायचा नाही. "तो पण माणसासारखा दमतो. घाम पितो. एक दिवस त्याला पडू दे." आणि बूट काढल्याबरोबर आत वर्तमानपत्राचे बोळे, म्हणजे ओल शोषली जाते आणि आकार बिघडत नाही.

त्यांची बायको तेरेसाबाई दारातून म्हणायच्या, "देवळात गुडघं टेकतो, दुकानात गुडघं टेकतो, घरी आला की परत बुटासमोरच! माझ्यासमोर कवा टेकलास काय?"

"लग्नाच्या दिवशी टेकलं ना."

"ते फादरसमोर!"

गिऱ्हाइकांच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र सांगितली होती आणि ती मला पुढे फार आठवली. त्यांच्या दुकानात एक मोठे वकील यायचे. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. मोजा काढायचा नाही, अशी त्यांची अट. काकांनी बारा वर्षं त्यांना बूट दिले, डाव्या बुटाच्या टोकात गुपचूप कापूस भरून दिला आणि ते एका अक्षरानंही कधी बोलले नाहीत. तेराव्या वर्षी वकीलच म्हणाले, "अल्फान्सो, तुला माहीत आहे ना?"

"मी म्हणालो, आता तुम्ही सांगितलं म्हणून माहीत," काका हसत म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या पायाला काय पण असो, आपण बोलायचं नाय. त्यानं आपणहून सांगितलं की 'बरं' म्हणायचं. बस. एवढं ज्याला जमलं त्याला धंदा जमला."

त्यांचा एकुलता मुलगा विन्सेंट फिटर होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, उंच, हसरा. १९५३ च्या डिसेंबरात तो बहारीनला तेलाच्या कारखान्यात गेला. करार तीन वर्षांचा. जाण्याआधी मनोरीच्या मॉनिकाशी त्याचा साखरपुडा झाला. तीन वर्षांनी रजेवर यायचं, लग्न करायचं, असं ठरलं. 'लग्नाचे बूट मी देणार,' असं काकांनी त्याला गोदीवर सांगितलं तेव्हा मी शेजारी होतो. दुकानातले तयार नाहीत, पायाच्या मापाचे. विन्सेंटचा डावा पाय उजव्याहून एक सूत लांब होता आणि त्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. लहानपणापासून ती करंगळी काकांनी ध्यानात ठेवली होती. तयार बुटात ती चेंगरायची.

पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर दोन महिने विन्सेंटची पत्रं दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरात आली. ताप येतो, अशक्तपणा आहे, असं त्यांत होतं. नंतर पुन्हा त्याचं अक्षर दिसू लागलं. यंत्रावरचं काम सुटलं, आता स्टोअरमध्ये आहे, बसून काम आहे, असं त्यानं कळवलं. बढती झाली म्हणून तेरेसाबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

छप्पन साल उजाडताच काकांनी त्याला लिहिलं: पाय परक्या हवेत पसरतो, उभं राहून पसरतो. तेव्हा कागदावर दोन्ही पाय ठेवून सरळ उभा राहा, पेन्सिल ताठ धर, भोवती रेघ मार आणि दोन्ही कागद पाठव.

मार्चमध्ये एकच कागद आला. उजवा पाय.

"बघितलास?" काका माझ्यासमोर कागद नाचवत म्हणाले. "बुटवाल्याचा पोरगा हा! लोकांना सांगत फिरतो मी, दोन पाय दोन मापं, आणि घरचाच आळशी." त्यांनी परत पत्र लिहिलं. मे महिन्यात दुसरा कागद आला. खाली विन्सेंटच्या अक्षरात 'डावा पाय' असं लिहिलं होतं.

त्या रविवारी काकांनी मला हाक मारली नाही. मीच ओटीवरून जाताना ते खिडकीशी उभे दिसले. दोन्ही कागद हातात होते. त्यांनी एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला आणि उजेडासमोर धरला.

"नंदू, तुझे डोळे चांगले हायत. बघ."

मी बघितलं. रेघेवर रेघ बसली होती. अंगठा अंगठ्यावर, टाच टाचेवर. एक केसभरही फरक नव्हता. करंगळीच्या जागी सरळ, नीट करंगळी होती.

"हा डावा पाय नाय," काका म्हणाले. "उजवाच हाय, उलटा गिरवलेला."

मला अर्थ लागायला वेळ लागला. त्यांना तो आधीच लागला होता. दुसऱ्याच्या अक्षरातली पत्रं, ताप, बसून काम, एकच कागद. सगळं त्यांनी मनाशी जुळवलं होतं. तरी खात्री करावी म्हणून पुढच्या आठवड्यात ते कोंडिविट्याला गेले. तिथला ग्रेगरी त्याच कारखान्यात होता आणि रजेवर आला होता. संध्याकाळी परतले ते सरळ माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसले.

"त्याला मी काय पण विचारलं नाय. एवढंच बोललो, विन्सेंटला लग्नात कुठला बूट चालंल? तर तो रडायलाच लागला." मग म्हणाले, "डाव्या पायावर लोखंडी पाइप पडला. पाय घोट्याच्या वरून कापला. लाकडाचा बसवलाय. विन्सेंटनं त्याला शपथ घातली, घरी बोलू नको."

"काका, आजच पत्र लिहा," मी म्हणालो. "त्याला सांगा की तुम्हाला कळलंय. ये म्हणावं."

"नाय."

"अहो, पण..."

"त्यानं लपवलं म्हणजे त्याला लपवायचं हाय. त्यानं आपणहून सांगू दे. मी 'बरं' म्हणीन. मी आधी बोललो तर तो शरमेनं कुठं बघंल?" मग त्यांनी माझा हात धरला. "तेरेसाला एक शब्द नाय. त्याला पण नाय. मला वचन दे."

मी दिलं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

अंधेरी स्टेशनजवळ धाकू नावाचा एक कारागीर बसायचा. पूर्वी काकांच्या दुकानासाठी बूट शिवायचा, नजर अधू झाल्यावर स्वतःची लहानशी टपरी टाकली होती. काकांनी कातडं स्वतः निवडलं, काळं, मऊ, घडी घातली तरी सुरकुती न राहणारं. पावसाळ्यात जोड तयार झाला. उजवा बूट मी दर रविवारी ओटीवर बघायचो. साधा, सुबक, टोकावर दोऱ्याची एकच ओळ. डावा मात्र काका आतल्या खोलीत दार लावून पुसायचे. डाव्याकडे ओटीवर बघवत नसेल, असं मी समजलो आणि विचारलं नाही.

न घातलेला बूट घातलेल्यापेक्षा लवकर खराब होतो, हे मी तेव्हा शिकलो. कातडं पायाशिवाय सुकतं, पावसाळ्यात बुरशी धरतं. म्हणून दर आठवड्याला पुसायचं, पंधरा दिवसांनी पॉलिश, महिन्यातून एकदा हातानं वाकवायचं. अडीच वर्षं काकांनी एकदाही खाडा केला नाही. दर पत्रात ते विन्सेंटला लिहीत: बूट तयार आहेत. चांगले ठेवले आहेत. तू कधी येतोस? त्यांच्या मते याच्यात सगळं आलं होतं.

विन्सेंट आला नाही. छप्पनची रजा सत्तावन्नवर गेली, सत्तावन्नची आणखी पुढे. अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत मॉनिकाच्या वडिलांनी मनोरीहून निरोप पाठवला आणि महिन्याभरात तिचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. तेरेसाबाई त्या दिवसापासून मुलाचं नाव घेईनाशा झाल्या. घेतलं तर शिवीसारखं.

"ठेवली असंल तिकडं कोणतरी. आईबाप मेले तरी त्याला काय! आणि तू बस बूट चाटत!"

"असं बोलू नको गं," काका म्हणायचे. त्याहून जास्त काही नाही. मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचो. एकदा न राहवून मी त्यांना अंगणात गाठलं. "काका, आता तरी लिहा. निदान बाईंना सांगा."

"अजून तो बोलला नाय ना," ते म्हणाले. "वकील तेरा वर्षांनी बोलला."

तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी आठ डिसेंबरला त्यांच्या छातीत कळ आली. रात्री शुद्धीवर होते, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "जोड ट्रंकेत हाय. त्याला तू दे. तेरेसानं नाय." दुसऱ्या दिवशी ते गेले. मी तार केली. तारेनंतर तेरा दिवसांनी, बोटीचा प्रवास करून, विन्सेंट काठी टेकत चकाल्याच्या गल्लीत शिरला.

तेरेसाबाई दारातच होत्या. त्यांनी त्याचं चालणं बघितलं. तो ओटीवर बसला तशा त्या खाली बसल्या आणि त्याच्या विजारीवरून हात फिरवत गेल्या. लाकडाला हात लागला तेव्हा थांबल्या.

"माय गो," त्या म्हणाल्या. "ह्या तोंडानं मी तुला काय काय बोललं रे."

संध्याकाळी विन्सेंट माझ्या खोलीत आला. म्हणाला, "पापाला कळलं नाय तेच बरं. प्रत्येक पत्रात बूट, बूट, बूट. पत्र फोडायची भीती वाटायची यार. वाटायचं, त्याला दोन पायांचाच पोरगा पाहिजे हाय. कुठल्या तोंडानं येणार?"

काकांच्या ट्रंकेतून आणून ठेवलेली पिशवी मी त्याच्या हातात दिली. त्यानं आधी उजवा बूट बाहेर काढला, उलटसुलट बघितला, खाली ठेवला. मग डावा काढला.

डावा मी पण तेव्हाच पहिल्यांदा बघितला. पुढून तो उजव्यासारखाच दिसत होता, पण नाड्यांची भोकं घोट्यापासून थेट बोटांपर्यंत गेली होती. नाडी सोडली की सगळा बूट पुस्तकासारखा उघडायचा. लाकडी पाय घोट्यात वाकत नाही, तो साध्या बुटात शिरत नाही. त्याला असाच बूट लागतो. आतला तळ जाड होता. बुटात घडी करून 'डावा पाय' लिहिलेला तो कागद होता. माप त्याच्यावरूनच घेतलं होतं. लाकडाचा पाय उजव्यासारखाच करतात, हे काकांनी कुठून तरी विचारून घेतलं असणार.

विन्सेंटनं तो बूट घातला. शिंग लागलं नाही. नाडी बांधून झाल्यावर तो तसाच वाकलेला राहिला.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"छप्पनच्या मेपासून."

"तुला पण?"

"मला पण."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "एक ओळ लिहायची होतीस रे नंदू."

वचन दिलं होतं, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते बूट घालून, आईचा हात धरून, वडिलांच्या कबरीवर जाऊन आला. परतल्यावर दोन्ही बूट लाल धुळीनं भरले होते. तो ओटीवर काकांच्या जागी बसला, पेटी उघडली, नाड्या काढल्या, ओल्या फडक्यानं धूळ पुसली. मग वर्तमानपत्र फाडून बोळे केले आणि उजव्या बुटात भरले. डावा हातात घेऊन तो थोडा थांबला. त्या पायाला घाम येत नव्हता. तरी त्यानं त्याच्यातही बोळे भरले, दोन्ही बूट सावलीत शेजारी शेजारी ठेवले आणि आत गेला.