भुजंगरावाची मोटार डावीकडंच का जायची

भुजंगरावाची मोटार सरळ चालते, असं सगळ्या जालन्यात एकच माणूस म्हणायचा, आणि तो माणूस म्हणजे भुजंगराव. बाकी सगळ्यांनी ती डावीकडं जाताना बघितली होती. निजामाच्या राज्यातल्या कुण्या जहागीरदाराची ही मोटार. राज्य गेलं, जहागीरदार गेला, आणि मोटार भुजंगरावाच्या दारात येऊन 'घर्रर्र-फट्, घर्रर्र-फट्' करायला लागली. जालना ते अंबड तो तिच्यातून भाडं घेऊन माणसांच्या शिटा वाहायचा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी उजवीकडं दाबून धरायचा. खांदा असा वर, मान अशी तिरपी, की समोरून येणाऱ्याला वाटावं, ह्याच्या कानात पाणी गेलंय.

त्याची बायको तुळजाबाई तिच्यात एकदाच बसली होती. त्या दिवशी मोटार रस्ता सोडून थेट उकिरड्यात शिरली. तुळजाबाई नवं लुगडं झटकत उतरली अन् म्हणाली, "चालत जाईन, पर ह्या डावखुऱ्या भुतात पुन्हा बसणार न्हाई."

आता वडीगोद्रीला तिच्या भाचीचं लग्न निघालं, आणि तुळजाबाईनं शेजाऱ्याची बैलगाडी सांगून ठेवली. मोटारवाल्याची बायको माहेरी बैलगाडीतून उतरणार! भुजंगरावाला भाकर गोड लागेना. मेव्हणा भर मांडवात काय विचारील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं: "या दाजी! मोटार मागून पायी येऊन राह्यली का?"

तो कचरू मिस्त्रीकडं धावला. कचरू हैदराबादेला काम शिकून आल्ता, अन् बोलताना अजून हैदराबादेतच होता. "फिकर नको, भुजंगराव. बिलकुल बाणासारखी सोडतो." त्यानं पुढच्या चाकांना सुतळी लावली, पुढून मोजलं, मागून मोजलं, दोन्ही चाकं जोडणारा दांडा फिरवून अंतर बराबर केलं. मोटार बाण झाली. चार दिवसांत बाण पुन्हा डावीकडं वळला.

मग कचरूनं डावं टायर उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं. तरी ओढ डावीकडंच. हवा कमीजास्त केली. स्प्रिंगच्या पट्ट्या बदलल्या. मोटार त्याच्या दारातून दर वेळी सरळ जायची अन् तिरपी होऊन परत यायची. शेवटी कचरूनं कपाळाला ग्रीस लावून घेतलं, म्हणजे हात लावला, पण हाताला ग्रीस होतं.

"सच सांगा, भुजंगराव. कुठं ठोकता का?"

"देवाशप्पथ न्हाई! कुत्र्यालाबी वाट देतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी कचरूनं पुन्हा सुतळी धरली. भुजंगरावानं मोटार दारात आणून बायकोपुढं हात जोडले. "एकडाव बैस. हिनं तोंड वाकडं केलं, तर मी सोता बैल जुंपून देतो."

तुळजाबाई बसली. एक हात दारावर, उडी मारायला तयार. भुजंगरावानं स्टेअरिंग जपून दोन बोटांनी धरलं होतं, अन् मोटार नव्या सुनेसारखी खाली मान घालून सरळ चालली. गावाबाहेरच्या मारुतीपाशी भुजंगरावानं ती हळू केली, डावीकडं घेतली, अन् धप्! पुढचं डावं चाक देवळाच्या दगडी पायरीवर नेऊन आदळलं.

"अवो! हे काय?"

"काय म्हंजी? मोटार पाया पडली."

"रोज पडती?"

"मंग! जाताना एकदा, येताना वळवून एकदा. देवाच्या दारावरून तशीच कशी न्यावी?"

"अन् कचरूला सांगितलं का न्हाई?"

"त्यानं इचारलं, ठोकता का. पाया पडणं म्हंजी ठोकणं असतं व्हय?"

तुळजाबाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि जी हसत सुटली! पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाजूनं बाहेर. "अवो, तुमचा डावा गुडघा रोज दोनदा पायरीवर आपटला, तर तुम्ही सरळ चालताल का?"

भुजंगराव खाली वाकून डाव्या चाकाकडं बघायला लागला. मग घाबरून म्हणाला, "पर पाया पडणं सोडलं अन् मारुती कोपला तर?"

"तिच्या वाटचं मी पडते." तुळजाबाई उतरली, एकदा स्वतःसाठी वाकली, एकदा मोटारीसाठी, आणि येऊन बसली. "चला आता. जल्दी."

एका धडकेनं चाकाला काही झालं नव्हतं. मोटार सरळ निघाली, आणि थोडं पुढं जाऊन उजवीकडच्या ज्वारीत घुसली!

"आता हिला काय झालं?" भुजंगराव ओरडला.

"हिला न्हाई, तुम्हाला झालं! हात बघा की!"

खरंच, हात सवयीनं स्टेअरिंग उजवीकडंच दाबून बसले होते. कणसं खिडकीतून आत आल्ती. दोघं हसून हसून दमले, मग मोटार मागं घेतली. पुढचा सगळा रस्ता तुळजाबाई त्याच्या दंडाला चिमटे काढत होती: "ढिल्ले सोडा! ढिल्ले! अजून ढिल्ले!"

मांडवासमोर मोटार घर्रर्र करून थांबली. भुजंगरावानं पळत जाऊन दार उघडलं. पण तुळजाबाई उतरेना.

"उतर की."

"थांबा जरा," ती पदर सारखा करत म्हणाली, "स्वैपाकघरातल्या बायका अजून बाहेर यायच्यात."