तिच्या नावावरची मोटारसायकल

"नाही म्हणजे का नाही? कारण सांगा की!"

पार्लरवालीचा आवाज मुळातच खणखणीत. त्या दिवशी बँकेत तो जरा जास्तच चढला.

साहेब स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "जुनं कर्ज थकलेलं दिसतंय."

"कसलं कर्ज? मी आयुष्यात पहिल्यांदा कर्ज मागतेय."

"मॅडम, सगळे असंच म्हणतात."

तिचं डोकंच फिरलं. दुसरीच्या पार्लरमध्ये भाड्याच्या खुर्चीमागे उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या. आता कुठे स्वतःचा गाळा मिळत होता, फक्त खुर्च्या आणि केस धुवायच्या बेसिनपुरते पैसे कमी पडत होते. आणि हा माणूस तिला खोटारडी ठरवत होता.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय ते दाखवा."

"आम्हाला नाही देता येत. क्रेडिट रिपोर्ट तुम्हीच मागवा, वर्षातून एकदा फुकट मिळतो."

"मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं?"

दुपारी एका बाईच्या केसांना रंग लावून ती मोबाइल घेऊन बसली. नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, सगळं भरलं. शेवटी उत्तर आलं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते तिचे नव्हते.

"माझी माहिती, आणि ओटीपी भलत्यालाच?" ती एवढ्यांदा ओरडली की रंगवाली बाई दचकलीच.

हेल्पलाइनवर सांगितलं, सहीचा अर्ज करा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडा, पोस्टाने पाठवा. तिने पाठवला. बऱ्याच दिवसांनी जाड पाकीट आलं.

नाव तिचं. जन्मतारीख तिची. कर्ज मोटारसायकलचं, हप्ते चुकलेले. पत्ता भावाच्या घराचा. आणि फोन नंबर? आईची तब्येत विचारायला रोज तोच तर ती फिरवायची.

आईच्या विम्यासाठी म्हणून दादाने तिच्या कागदांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. नवी गाडी आल्यावर तीच पहिली मागे बसली होती. वर त्याचं कौतुकही केलं होतं!

ती तडक त्याच्या घरी गेली. दादा सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

"अगं, भरणारच होतो. धंदा बसला," तो म्हणाला. "आणि तुला कुठे कळणार होतं?"

कर्जापेक्षा हे शेवटचं वाक्य तिला जास्त झोंबलं.

"मी पोलिसात जातेय, दादा."

आतून आई धावत आली. "सख्ख्या भावावर? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. बँकेत माझी लाज निघाली, तेव्हा तुझा लेक कुठे होता?"

तिने रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवली: हे खातं माझं नाही. संस्थेने कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारलं. कंपनीने बसल्या जागी कळवलं, माहिती बरोबर आहे, कागद या बाईंचेच आहेत. ते वाचून तिने हातातला कंगवा भिंतीवर भिरकावला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात जाऊन मूळ अर्ज दाखवेपर्यंत ती खुर्चीतून उठलीच नाही. खालची सही गोलगरगरीत, जोडाक्षरही चुकलेलं. तिने समोरच चार वेळा आपली सही करून कागद मॅनेजरपुढे सरकवला. "आता सांगा, ही माझी सही?"

मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि शिपायाला झेरॉक्स काढायला पाठवलं.

पोलिसातल्या तक्रारीची प्रत आणि सह्यांचा कागद जोडून तिने पुन्हा लिहिलं. यावेळी ती नोंद काढून टाकली गेली. पण अशी संस्था एकच नसते, हे तिला दुसऱ्या बँकेत गेल्यावर समजलं. तिथल्या रिपोर्टात ती मोटारसायकल तशीच उभी होती! पुन्हा अर्ज, पुन्हा प्रती, पुन्हा फोनवर तेच पाल्हाळ. चूक करणारे नामानिराळे, निस्तरायचं मात्र हिने. पण तिने पिच्छा सोडला नाही. तिथलीही नोंद पुसली गेली, कर्ज मिळालं, गाळ्यात खुर्च्या आल्या.

केस अजून चालू आहे. आई फोनवर दोन शब्द बोलते आणि ठेवते. परवा दादा गाळ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"आता मिळालं ना कर्ज? घे की तक्रार मागे."

"नाही घेणार."

"एवढा राग बरा नाही, बाई."

"माझा राग आहे तो. माझ्याच नावावर राहू दे," ती म्हणाली आणि तोंडावर दार लावून घेतलं. आत गिऱ्हाईक थांबलं होतं. तिने कात्री उचलली.