दहावीचा भात

"ते झालं. भाताचं काय?"

आमच्या शाळेतले गणिताचे सर हा प्रश्न विचारत, तेव्हा त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत असत. मध्ये एखादं शीत धरलंय आणि ते शिजलं की नाही हे पाहणं चाललंय, असं वाटावं. दहावीतला एखादा पोरगा धापा टाकत व्हरांड्यात यायचा आणि सांगायचा, "सर, सहामाहीत पहिला आलो!" शाबासकीची थाप पडेल म्हणून तो जरा पाठ वळवूनच उभा राहायचा. सर म्हणायचे, "ते झालं. भाताचं काय?" पोरगा मान खाली घालायचा. गेल्या शनिवारी त्याच्या भाताचा चिखल झालेला असायचा, आणि ते सगळ्या वर्गाला ठाऊक असायचं.

तुमच्यापैकी कुणी शाळेत नोकरी केली असेल तर निरोप समारंभ तुम्हाला नवा नाही. हार, फोटो, रडणाऱ्या मुली आणि उज्ज्वल भवितव्य. मी मराठीचा मास्तर, म्हणून ते भवितव्य दरवर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. मी वर्ध्याकडून आलेलो, भाषणाची हौस दांडगी. विशेषणांना मी कधी कमी पडलो नाही. सर मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकायचे आणि बाहेर पडताना म्हणायचे, "मस्त बोलले जी तुमी. आता हे पोट्टे तिकडे जेवतील काय, तेवढं सांगा."

त्यांना हे जेवणाचं वेड आधीपासून नव्हतं. मी आलो तेव्हा, सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, ते नुसतेच गणिताचे सर होते, आणि फार चांगले होते. मूळ नाकाडोंगरीकडचे, उंच, काटक. खडू संपेस्तोवर फळ्याकडून वळायचे नाहीत.

आमची शाळा करडीजवळच्या गावात, दहावीपर्यंतची. पुढं शिकायचं तर तुमसर, भंडारा, नाहीतर वरठीला गाडी धरून नागपूर. नागपूरला जाणारा विरळाच. असा एक निघाला तो सुखदेव. धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेल्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. सरांनी त्याच्या बापाला गळ घातली, नागपूरच्या कॉलेजात नाव घालून दिलं, खोली पाहून दिली. बापानं बैलगाडीत तांदळाचं पोतं टाकलं आणि पोराला वरठीच्या स्टेशनावर सोडून आला. त्या दिवशी सरांनी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला. इतकं खूश मी त्यांना पुढं क्वचितच पाहिलं.

दिवाळीच्या आत सुखदेव परत आला. आम्ही दोघं सायकलींवर त्याच्या घरी गेलो. पोरगा बाजेवर पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. ते तांदळाचं पोतं भिंतीशी उभं होतं. वरचं तोंड तेवढं उसवलेलं, बाकी पोतं जसंच्या तसं.

सरांनी विचारलं, "खोलीत तांदूळ होता ना बे?"

"होता जी."

"स्टो होता?"

"होता."

"मंग?"

"दोनदा रांधला जी. कच्चाच राहे. मंग नाई रांधला. मुरमुरे खाऊन राहिलो, अन् चाय."

"घरमालकीणबाईले इचारलं काहून नाही?"

सुखदेवनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "लाज वाटे जी," तो म्हणाला.

परतताना सर सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत राहिले. मलाही चालावं लागलं, आणि मी मनातल्या मनात कुरकुरत होतो. मध्येच ते थांबले. म्हणाले, "मी त्याले लॉगॅरिथम शिकवलं. तुमी कविता शिकवली. माय ताटात वाढत गेली. अन् पोट्टा पोत्यापाशी बसून उपाशी राहिला." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही, हे बरं झालं.

सुखदेव बरा झाला, पण पुन्हा नागपूरला गेला नाही. सरांनी खूप विनवलं. तो "हो जी, हो जी" म्हणायचा आणि बैल घेऊन बांधीकडं निघून जायचा. रस्त्यात सर दिसले की दुसऱ्या वाटेनं वळायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच शनिवारी शाळेच्या मागं मोहाच्या झाडाखाली तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. दहावीच्या प्रत्येक पोरानं घरून मूठभर तांदूळ आणि एक गंज आणायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं भाताचं पातेलं. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे वेळापत्रकात कुठं बसतं?" सर म्हणाले, "कार्यानुभवात." कार्यानुभव हा विषय सरकारनं नुकताच काढलेला होता. त्यात काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांना नाही म्हणता येईना.

गावानं मात्र भरपूर तोंडसुख घेतलं. पोरांना बायकांची कामं शिकवतो, हा एक आरोप. कोण कोणाच्या चुलीपाशी बसतो, कोण कोणाच्या गंजातलं खातो, हा दुसरा, आणि तो जास्त जिव्हारी लागणारा. सरांनी वाद घातला नाही. ते आपलं ताट घेऊन एका टोकापासून निघायचे आणि प्रत्येक गंजातला एक घास खात दुसऱ्या टोकाला पोचायचे. कच्चा, करपट, खारट, काय वाट्टेल ते. रविवारी त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. काही महिन्यांत पोरंही एकमेकांच्या गंजात हात घालू लागली, आणि गाव दुसऱ्या विषयाकडं वळलं.

जन्मल्यापासून धानात वाढलेली ही पोरं. रोवणी येते, कापणी येते, वासावरून तांदूळ नवा की जुना सांगतात, आणि पाणी किती घालायचं म्हटलं की आकाशाकडं पाहतात! एकानं गंज काठोकाठ तांदळानं भरला आणि वर पाणी ओतलं. भात फुगून झाकण वर उचलायला लागला. त्यानं थोडा दुसऱ्या गंजात काढला, तोही फुगला. शेवटी तो ओरडत पळाला, "सर, थांबतच नाही!" गावातल्या कुत्र्यांनी त्या दिवशी सरांना दुवा दिला असेल.

मुलींना सरांनी चुलीपाशी येऊच दिलं नाही. "तुमाले येते. तुमी बसा अन् मार्क द्या." मुली व्हरांड्यात रांगेनं बसायच्या, पोरं गंज घेऊन त्यांच्यापुढं उभी राहायची. आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेली ही सत्ता त्यांनी अजिबात दयामाया न दाखवता वापरली. "सर, याचा भात गाईले घाला," एकीनं निकाल दिला, "अन् गाईले आधी इचारून घ्या."

पण मुलींची सुटका नव्हती. "पोरीयले रांधता येते, इचारता येत नाही," असं सरांचं म्हणणं. ते त्यांना वरठीला नेत आणि तिकिटाच्या खिडकीसमोर उभं करत. प्रत्येकीनं एकटीनं पुढं व्हायचं, तिकीट मागायचं, गाडी कोणत्या फलाटावर लागते ते बाबूला विचारायचं, आणि आवाज मागं सरांपर्यंत पोचला पाहिजे. बाबू वैतागून म्हणाला, "अरे, आत्ताच सांगितलं ना तुमच्या मैत्रिणीला!" सर मागून म्हणाले, "तिले सांगतलं जी. हिले कुठी सांगतलं?"

तुम्हाला वाटेल, हा सगळा हसण्याखेळण्याचा मामला. मलाही काही दिवस तसंच वाटलं होतं. मग दहावीत सुखदेवचा धाकटा भाऊ आला, मोरेश्वर.

मोरेश्वर सुखदेवहून हुशार निघाला. सरांनी त्याला नागपूरला पाठवायचं मनाशी ठरवून टाकलं, आणि बापानं तेवढ्याच ठामपणे नाही म्हणून सांगितलं. तो शाळेत आला, सरांच्या खुर्चीसमोर उभाच राहिला. "गुर्जी, एक पोट्टा तुमच्या हवाली केला होता. तो कसा वापस आला, तुमी पायलं. आता ह्याले नाही पाठवत. दहावी झाली का बांधीत."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन एक करा. येत्या शनिवारी या. ह्याच्या हातचा खाऊन पहा. मंग नाही म्हना."

शनिवारी बाप आला. बैलगाडी सुखदेव हाकत होता. बाप उतरून चुलींपाशी येऊन बसला, सुखदेव मात्र कुंपणाबाहेर बैलांजवळच उभा राहिला. मोरेश्वरला सगळं दिसत होतं. तो पुन्हा पुन्हा चुलीत लाकूड सारत होता. दर शनिवारी नीट होणारा त्याचा भात त्या दिवशी खाली लागला. करपल्याचा वास सगळ्या मैदानात पसरला.

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. चेहरा उतरला होता. एक शब्द बोलले असते तर पोराला धीर आला असता, पण ते बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला, हे खरं सांगतो.

मोरेश्वर क्षणभर गंजाकडं पाहत राहिला. मग त्यानं गंज उतरवला. ढवळला नाही. शेजारच्याचं ताट मागितलं आणि वरचा चांगला भात हलक्या हातानं त्यात काढून घेतला, तळाला हात लावला नाही. ताट घेऊन बापासमोर गेला. म्हणाला, "बा, खालचा जळला. वरचा खाता येते."

बापानं घास घेतला. बराच वेळ चावत राहिला. आम्ही सगळे त्याच्या जबड्याकडं पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, "मीठ इसरला." आणि दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासानंतर सरांकडं वळून म्हणाला, "जळला तं घाबरला नाही पोट्टा."

"नाही घाबरला," सर म्हणाले. पाठीमागं धरलेले हात त्यांनी आता सोडले.

"जाऊ द्या मंग. पन उन्हाळाभर घरचा सयपाक ह्यानंच रांधायचा. त्याच्या मायलेबी थोडा आराम."

तसंच झालं. परीक्षा संपल्यावर मोरेश्वर सगळा उन्हाळा घरच्या चुलीपाशी होता, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नागपूरला गेला. गेला तो टिकला. इंजिनिअर झाला. त्याच्यामागून दरवर्षी एक-दोन पोरं जात राहिली, आणि मुलीही. पोटासाठी परत आलेला आमच्या शाळेचा मुलगा मी नंतर पाहिला नाही. सरांना याचं श्रेय दिलं की ते विषय बदलायचे. एकदाच म्हणाले, "मी दिसलो का सुखदेव अजून दुसऱ्या वाटेनं वळते हो." त्यांच्या तोंडून आलेलं ते एकच दुःख मला ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि स्वतःला माफ न करणारा इतका हट्टीही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना, निवृत्त होऊन थोडेच दिवस झालेले असताना, सर गेले. सकाळी अंगणात बसले होते, तिथंच. मोरेश्वर दूर नोकरीवर, त्याला पोचणं शक्य नव्हतं. आम्ही दुपारी नदीवरून परतलो. ज्या घरात माणूस जातो तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे आपल्या घरून रांधून आणतात. कडू घास म्हणतात त्याला. सोयऱ्यांची वाट पाहत आम्ही ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात एक सायकल दाराशी थांबली. मागं कॅरिअरला मोठा गंज, फडक्यानं बांधलेला. सुखदेव. तिशीतच केस पांढरे व्हायला लागले होते.

सरांच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकानं हटकलं, "कडू घास सोयऱ्यानं आणायचा असते, बाप्पा. तू कोण लागतं त्यायचा?"

सुखदेव गंज हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "इद्यार्थी हाय जी."

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आतून दाराशी आल्या. त्यांनी विचारलं, "बायकोनं रांधला का रे?"

"नाही बाई. मीच रांधला. लहान्यानं त्या उन्हाळ्यात घरी रांधला ना, तवा बाजूले बसून पाहत होतो. तवापासून येते मले." गंज सावरत तो म्हणाला, "त्यायले सांगीन सांगीन म्हणत होतो. सांगायचं रायलं."

बाईंनी त्याला आत बोलावलं. त्यानं फडकं सोडलं आणि एकेकाच्या पानात वाढायला लागला. भात मोकळा शिजला होता, मीठही बरोबर होतं.